तारेला बांधलेला वेग : अमेरिकेतील इंजिनचलित लघुमोटारींचा इतिहास

प्रस्तावना : महामंदीच्या काळातील अमेरिकेचा इतिहास प्रामुख्याने बेकारी व शासकीय धोरणे यांच्या आधारे मांडला जातो. त्याच काळात घरगुती कार्यशाळांतून वाढलेल्या यांत्रिक छंदांकडे मात्र दुर्लक्ष झालेले दिसते. प्रस्तुत लेखात इंजिनचलित शर्यती लघुमोटारींचा ऐतिहासिक साधन म्हणून विचार केला आहे.

विवेचन : इ.स. १९३४ मध्ये ‘ब्राउन ज्युनियर’ हे सुमारे १० घनसेंटिमीटर क्षमतेचे पेट्रोल इंजिन विक्रीस आले. ते मुळात विमानांच्या प्रतिकृतींसाठी होते. तथापि अशीच इंजिने लवकरच लघुमोटारींतही बसविली जाऊ लागली. मध्यभागी खांब रोवून त्यास पोलादी तारेने गाडी बांधली जाई. ७० फूट व्यासाच्या वर्तुळात १२ फेऱ्या झाल्या की अर्धा मैल पूर्ण होई. ताशी १०० मैल वेगाने धावणारी गाडी या तारेस स्वतःच्या वजनाच्या सुमारे १९ पट ओढ देते. त्यामुळे तार, चाके व चौकट यांची घडण हा केवळ खेळ न राहता अभियांत्रिकीचा प्रश्न बनला.

इ.स. १९४२ मध्ये युद्धामुळे धातूच्या खेळण्यांच्या उत्पादनावर निर्बंध आले. युद्धानंतर लॉस एंजेलिसचे डूलिंग बंधू व डिक मॅकॉय यांच्या वेगवान इंजिनांनी स्पर्धा गाजविल्या, तर रॉय कॉक्स यांच्या ‘थिंबल ड्रोम’ गाड्या सामान्य ग्राहकांपर्यंत पोहोचल्या. इ.स. १९४७ मध्ये रे आर्डेन यांचा ग्लो प्लग बाजारात आला आणि गाडीत बॅटरी व कॉइल वाहून नेण्याची गरज उरली नाही.

वेग वाढला, परंतु त्याच वेगाने छंदाचे क्षेत्र आकुंचित केले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तयार इंजिनापुढे घरी घडविलेली गाडी टिकेना. कारागीर हळूहळू ग्राहक बनला. युरोपात मात्र इ.स. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या महासंघामुळे या शर्यतींना संघटित आधार मिळाला.

निष्कर्ष : आज जुन्या गाड्यांचे पुनरुज्जीवन करताना नवे भाग ओतून बसविले जातात. त्यामुळे गाडी धावते, पण मूळ धातूवरील कानशीच्या व लेथच्या खुणा नाहीशा होतात. अल्प लेखन मागे ठेवणाऱ्या कारागिरांच्या बाबतीत याच खुणा दस्तऐवज ठरतात. म्हणून नव्या भागावर स्पष्ट चिन्ह करणे व काढलेला जुना भाग गाडीसोबत जतन करणे आवश्यक आहे. अन्यथा गाडी उरेल, परंतु तिच्यातील साक्ष हरवेल.