खारपाणपट्ट्यातील पाणी आणि ताक

वऱ्हाड म्हणजे सोन्याची कुऱ्हाड, ही म्हण ज्या पिढ्यांनी रूढ केली त्यांच्या डोळ्यांपुढे जमिनीचा कस होता, कापसाची बोंडे होती आणि जमाबंदीचे भरघोस आकडे होते. त्याच जमिनीच्या पोटातील पाण्याचा विचार त्या म्हणीत कोठेच नाही. सातपुड्यातील गाविलगडचे डोंगर आणि अजिंठ्याची रांग यांच्यामध्ये पूर्णेचे जे सपाट खोरे पसरले आहे, ज्याला जुन्या दफ्तरांत पायनघाट म्हणत, त्याचा बराचसा भाग आज खारपाणपट्टा या नावाने ओळखला जातो. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, शेगाव अशा तालुक्यांतून गेलेला हा पट्टा साडेचार हजार चौरस किलोमीटरांहून मोठा आहे. खोल द्रोणीत युगानुयुगे साचलेला गाळ, पाण्याच्या निचऱ्यास न पुरणारा उतार आणि उन्हाळ्यातील प्रखर बाष्पीभवन यांमुळे येथील भूजलात क्षार साठत गेले, आणि विहीर जितकी कष्टाने खणावी तितके पाणी अधिक खारट निघावे, असा अनुभव रयतेच्या वाट्यास आला.

या खारटपणाचाही एके काळी व्यापार होता. अकोल्याच्या उत्तरेस दहीहांड्याच्या आसपास खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढले जाई. 1853 च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला आणि त्यांच्या अमदानीत हा उद्योग बंद पडला. म्हणूनच 1930 साली देशभर मिठाचा कायदा मोडण्याची हाक आली तेव्हा समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या वऱ्हाडला दांडी शोधीत फिरावे लागले नाही. सत्याग्रही दहीहांड्यास जमले आणि तेथल्याच विहिरींचे पाणी त्यांच्या उपयोगी पडले.

परंतु सत्याग्रहास जे पाणी धार्जिणे झाले ते घागरीतून स्वयंपाकघरात गेले की त्याचा गुण वेगळा ठरतो. या पट्ट्यात मूत्रपिंडाच्या विकाराने खंगलेली माणसे गावोगाव आढळतात आणि लोक त्याचा दोष निःशंकपणे पाण्याला देतात. त्यात तथ्य आहे, कारण पाण्यातील सोडियम पोटात जात राहिले तर रक्तदाब चढतो आणि चढलेला रक्तदाब मूत्रपिंडातील सूक्ष्म रक्तवाहिन्या जीर्ण करतो. मात्र वैशाखातल्या उन्हात घाम गाळीत केलेली मजुरी, चवीला नको वाटते म्हणून कमी प्यालेले पाणी, आणि अंगदुखीवर पुडीने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, यांनाही त्या दोषातून मुक्त करता येत नाही.

अशा मुलखात पाण्याच्या बरोबरीने ताक प्याले जाई, ही गोष्ट मला केवळ रुचीची वाटत नाही. ज्वारीची भाकर आणि ताक, ताकात शिजवलेल्या कण्या, पीठ आंबवून केलेली आंबील, हा शेतकऱ्याचा नित्याचा आहार होता. आंबटपणात पाण्याचा खारटपणा झाकला जाई, हाही एक लाभच. लोणी काढून घेतल्यावर उरलेले ताक शेजाऱ्याला द्यावे, मोल घेऊ नये, अशी चाल होती, आणि चरक-परंपरेच्या वैद्यांनी ग्रहणी व अर्श यांवर ज्या तक्राची थोरवी गायिली त्याचा पुरवठा अशा रीतीने घरोघर अनायासे होई. नागपुरी म्हशीला एलिचपुरी असेही नाव आहे, म्हणजे एलिचपूर तथा अचलपूरचा हा प्रांत दुभत्याशी किती निगडित होता ते कळते. पुढे 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतील यादवीने कापसाला सोन्याचा भाव आणला, पाठोपाठ आगगाडी आली, चराऊ रानांवर नांगर फिरला, आणि 1899-1900 च्या दुष्काळाने उरलेल्या गुरांचीही दैना केली. कापसाने वऱ्हाडला रोकड दिली. ताकाची कावड मात्र त्याने हलकी केली.

त्याच सुमारास पॅरिसच्या पाश्चर संस्थेत इल्या मेचनिकॉफ हा रशियन शास्त्रज्ञ, ज्याला 1908 चे नोबेल पारितोषिक अन्य संशोधनासाठी मिळाले, आंबट दुधातील जिवाणू मोठ्या आतड्यातील विषोत्पत्ती रोखतात असे प्रतिपादन करीत होता. त्याच्या दीर्घायुष्याच्या कल्पनेची पुढे थट्टा झाली, पण आतड्यातील विषांविषयीचा त्याचा तर्क मूत्रपिंडाच्या वैद्यकाने निराळ्या स्वरूपात फिरून हाती घेतला आहे. प्रथिनांतील ट्रिप्टोफॅनपासून काही जिवाणू इंडोल बनवतात, यकृत त्याचे इंडॉक्सिल सल्फेट करते, आणि निरोगी मूत्रपिंड ते मूत्रावाटे बाहेर टाकते. मूत्रपिंड दुबळे झाले की ते रक्तात साचते. शिवाय रक्तातील वाढलेला युरिया आतड्यात झिरपतो, तेथील जिवाणू त्याचा अमोनिया करतात, आणि आतड्याचे अस्तर सैल पडून विकाराला आणखी वाट मिळते. तंतुमय धान्य आणि लॅक्टोबॅसिलस कुळातील जिवाणू यांनी हे चक्र मंदावेल, ही प्रोबायोटिकमागील आशा आहे. काही लहान चाचण्यांत अशा विषांचे प्रमाण उतरलेलेही दिसले. परंतु रक्तातला एक आकडा उतरणे वेगळे आणि डायलिसिस टळणे वेगळे. दुसरे अद्याप सिद्ध झालेले नाही, आणि बाजारातल्या कुप्यांवरचा मजकूर वाचताना हा भेद विसरू नये.

म्हणून ताकाच्या कौतुकाच्या आडोशाने पाण्याची जबाबदारी टाळणाऱ्या कोणत्याही सरकारी अथवा खासगी मसुद्याला माझा विरोध आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या वान धरणातून अकोटकडील चौऱ्यांशी खेड्यांना पाणी नेण्याची योजना आखली गेली, तिच्यासारख्या योजनांनी जे साधते ते रांजणभर आंबिलीने साधणार नाही. आणि ज्याचे मूत्रपिंड आधीच निकामी होत आले आहे त्याला तर ताकसुद्धा मोजूनच प्यावे लागते, कारण त्यात पोटॅशियम व फॉस्फरस असते, आणि वऱ्हाडी हात त्यात सवयीने मीठ घातल्यावाचून राहत नाही.