हिल, सर जॉन
(सु. १७१४–नोव्हेंबर १७७५). इंग्रज नाटककार, वनस्पतिशास्त्रज्ञ आणि वनौषधींचा चिकित्सक. धर्मोपदेशकाचा हा मुलगा औषधविक्रेत्याकडे उमेदवारी करून लंडनमध्ये स्थायिक झाला. दुकानावर निर्वाह होईना, म्हणून सरदारांच्या उद्यानांतील वनस्पतींची मांडणी करणे, रंगभूमीवर किरकोळ भूमिका करणे व लेखन असे उद्योग त्याने केले. १७५० मध्ये सेंट अँड्रूझ विद्यापीठाची वैद्यकातील पदवी त्याला मिळाली.

ऑर्फिअस (१७४०) ही त्याची संगीतिका रंगभूमीवर आली नाही. द राउट (१७५८) हे प्रहसन ड्रूरी लेन रंगमंदिरात प्रेक्षकांनी नापसंत केले. त्यावर अभिनेता डेव्हिड गॅरिक याने त्याची प्रहसने व औषधे यांची एकाच चुटक्यात खिल्ली उडविली. तथापि अभिनयकलेवरील त्याचा द ॲक्टर (१७५०) हा मूळ फ्रेंच ग्रंथावर आधारलेला प्रबंध पुन्हा फ्रेंचमध्ये गेला आणि दीद्रोच्या अभिनयविषयक विवेचनास निमित्त ठरला.

रॉयल सोसायटीची थट्टा करणाऱ्या लेखनामुळे (१७५०–५१) शास्त्रज्ञ त्याच्या विरोधात गेले. सोसायटीचे सदस्यत्व त्याला कधीच मिळाले नाही. व्हॅलेरियनचा (तगराची यूरोपीय जाती) अर्क, मधयुक्त खोकल्याचे औषध इत्यादींच्या विक्रीतून व अतिशयोक्त जाहिरातींतून त्याने पुष्कळ पैसा मिळविला. पण भोंदू वैद्य ही अपकीर्तीही पदरी पडली. हा पैसा त्याने मुख्यतः द व्हेजिटेबल सिस्टिम (२६ खंड, १७५९–७५) या सचित्र ग्रंथावर खर्चिला. फ्लोरा ब्रिटानिका (१७६०) या ग्रंथात त्याने लिनीअसची पद्धती ब्रिटिश वनस्पतींना लावली. स्वीडनच्या राजाने त्यास ‘वासा’ हा सन्मान दिला (१७७४). तेव्हापासून तो ‘सर’ ही उपाधी लावू लागला.

त्याचे सर्वांत टिकाऊ कार्य मात्र एका लहान पुस्तिकेत आहे. तपकिरीच्या अतिसेवनाविषयीच्या या पुस्तिकेत (१७६१) तपकीर ओढणाऱ्या दोन रुग्णांच्या नाकातील कर्करोगसदृश गाठींचे वर्णन आहे. गाठी तपकिरीमुळेच झाल्या हे निर्विवाद सिद्ध नसले, तरी धोका पत्करू नये, असे त्याचे मत होते. आपल्या औषधांच्या जाहिरातींत त्याने असा संयम क्वचितच पाळला. तंबाखू व कर्करोग यांचा संबंध विसाव्या शतकाच्या मध्यास धूम्रपानावरील संशोधनाने प्रस्थापित झाला आणि या पुस्तिकेचे महत्त्व पटले. ज्या गाउट विकारावर आपणाजवळ खात्रीचा उपाय असल्याचे तो सांगे, त्याच विकाराने लंडन येथे तो निधन पावला.