आजी पडल्या कशा? एका साध्या प्रश्नाचा इतिहास

घरातलं वयस्कर माणूस पडलं की आपण आधी विचारतो, "कुठे लागलं का?" मग एक्स-रे काढतो. हाड मोडलेलं नसेल तर सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. "वय झालं, आता असं व्हायचंच," म्हणून विषय संपतो. पण "पडलात कशा?" हे नीट बसून कोणी विचारत नाही.

वाईट वाटून घेऊ नका, आम्हा डॉक्टरांनाही हा प्रश्न फार उशिरा सुचला. तो कसा सुचला ते वाचलंत, तर आपल्या घरात काय करायचं हेही कळेल.

आधी हाड जोडायला शिकलो

शंभर वर्षांपूर्वी म्हातारपणी खुब्याचं हाड मोडलं की महिनोन्‌महिने अंथरूण. पाठीला जखमा व्हायच्या, न्यूमोनिया व्हायचा आणि कित्येक जण त्यातच जायचे. अमेरिकेत बोस्टनला डॉ. स्मिथ-पीटरसन यांनी मोडलेल्या खुब्यात धातूचा खिळा बसवायची शस्त्रक्रिया विकसित केली आणि १९३१ साली ती प्रसिद्ध केली. हाड पक्कं धरलं गेल्यामुळे रुग्णाला लवकर उठवता येऊ लागलं. हे मोठंच काम झालं. पण माणूस मुळात पडला का, हा प्रश्न तसाच राहिला.

अंथरुणातून उठवणाऱ्या डॉक्टर

१९३५ साली लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात डॉ. मार्जरी वॉरन यांच्याकडे शेजारच्या जुन्या अनाथ-गरिबांच्या दवाखान्यातले ७१४ रुग्ण सोपवले गेले. त्यांत अनेक वृद्ध वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेले होते. वॉरनबाईंनी प्रत्येकाला नव्याने तपासलं. अनेकांना आजारापेक्षा पडून राहण्यानेच अपंगत्व आलं होतं. त्यांना बसवलं, उभं केलं, चालवलं. बरेच जण चक्क घरी गेले. वृद्धांच्या वैद्यकशास्त्राची ही सुरुवात मानली जाते. पडून राहिल्याने माणूस आणखी दुबळा होतो, हा तिचा पहिला धडा.

दारोदार जाऊन विचारलेला प्रश्न

वॉरनबाईंचे रुग्ण रुग्णालयातले होते. घरात राहणाऱ्या वृद्धांचं काय? इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टन गावात डॉ. जोसेफ शेल्डन यांनी रेशनकार्डांच्या नोंदींतून वृद्धांची निवड केली आणि ४७७ जणांची पाहणी केली. १९४८ साली तिचं पुस्तक निघालं. म्हातारी माणसं घरात किती वेळा पडतात, हे त्यांना तेव्हा जाणवलं.

पुढे १९६० साली त्यांनी २०२ जणांच्या ५०० पडण्यांचा हिशोब मांडला. प्रत्येक वेळी नेमकं काय झालं, हे विचारून. पायऱ्यांवर, घसरून, अंधारात अशा निव्वळ अपघाताने पडण्याचे प्रसंग निघाले १७१, म्हणजे जेमतेम एक तृतीयांश. १२५ वेळा शुद्ध न हरपता पाय अचानक गळून माणूस खाली बसला होता. बाकीच्यांत अडखळणं, चक्कर, उभं राहताना रक्तदाब उतरणं, मान मागे टाकून वर बघणं अशी कारणं होती. "वय झालं" या एका उत्तराच्या जागी आता दहा वेगवेगळी उत्तरं होती. कारण सापडलं तर उपाय करता येतो.

उपाय खरंच लागू पडतात का?

हे तपासायला आणखी तीस वर्षं गेली. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉ. मेरी टिनेटी यांनी १९८८ साली दाखवलं, की घरी राहणाऱ्या ७५ वर्षांवरच्या लोकांपैकी जवळपास एक तृतीयांश लोक वर्षभरात एकदा तरी पडतात, आणि जोखमीची कारणं जितकी जास्त तितका धोका जास्त. १९९४ साली त्यांनी ७० वर्षांवरच्या ३०१ जणांवर प्रयोग केला. अर्ध्या लोकांची औषधं तपासून बदलली, व्यायाम शिकवले, रक्तदाब बघितला, घरातले धोके दूर केले. वर्षभरात यांच्यातले ३५ टक्के पडले, इतरांपैकी ४७ टक्के.

१९९७ मध्ये न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात ऐंशी वर्षांवरच्या २३३ स्त्रियांवर अभ्यास झाला. निम्म्या जणींच्या घरी फिजिओथेरपिस्टने जाऊन पायांच्या ताकदीचे आणि तोल सांभाळायचे व्यायाम शिकवले. वर्षभरात व्यायाम करणाऱ्या गटात पडण्याचे प्रसंग ८८, दुसऱ्या गटात १५२. ऐंशीनंतरही स्नायू शिकतात!

पण एक कडू गोष्टही सांगतो. २०२० साली अमेरिकेत ५,४५१ जणांवरच्या मोठ्या अभ्यासात परिचारिकांनी प्रत्येकाची जोखीम तपासून आराखडा करून दिला. तरी पडून होणाऱ्या गंभीर दुखापतींमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही. माझ्या मते याचा अर्थ एवढाच, की कागदावरचा सल्ला पुरत नाही, तो रोज पाळावा लागतो.

आता तुमच्या घरात

आपल्याकडे आई-बाबा एकदा पडले की आपण प्रेमानेच म्हणतो, "तुम्ही उठू नका हं, काय हवं ते आम्ही हातात देतो." चार महिन्यांत मांड्या आणखी बारीक होतात आणि पुढचं पडणं जवळ येतं. वॉरनबाईंनी नव्वद वर्षांपूर्वी जे पाहिलं, ते आपण घरात नव्याने घडवतो.

त्याऐवजी, पडल्यावर शेल्डनसारखं विचारा, आणि रागावून विचारू नका. पुन्हा बोलणी बसतील किंवा फिरणं बंद होईल, या भीतीने अनेक जण पडल्याचं लपवतात.

- कुठे, किती वाजता, काय करताना पडलात? चक्कर आली की पाय घसरला?
- रात्री लघवीला उठताना दिवा होता का? मोरीत पाणी होतं का, धरायला दांडा आहे का?
- झोपेची, रक्तदाबाची कोणती गोळी चालू आहे? नवीन काही सुरू झालं का?
- चष्म्याचा नंबर शेवटचा कधी तपासला? पायात कोणती चप्पल होती?

ही उत्तरं कागदावर लिहून सगळ्या औषधांसकट डॉक्टरांकडे न्या. रक्तदाब झोपून आणि उभं राहून, दोन्ही वेळा मोजायला सांगा. झोपेची गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, ती हळूहळू कमी करावी लागते. व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या आणि सुरुवातीला पक्क्या आधाराजवळ उभं राहून करा. डोक्याला मार लागला असेल, शुद्ध हरपली असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर मात्र थांबू नका, लगेच रुग्णालयात जा.

आजी पडल्या की "लागलं का?" हे विचारायचंच. फक्त त्यानंतर शेजारी बसून एवढं विचारा, "आजी, पडलात कशा?"