धाकट्या नाटकाची थोरवी

नाटक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोठेच नाटक उभे राहते. दोन-तीन अंक, मध्यंतरातला चहा-बटाटेवडा, नावाजलेले नट आणि घरी परतायला झालेला उशीर. एकांकिका मात्र आपल्या लेखी पानातल्या कोशिंबिरीसारखी. असली तर बरी, नसली तरी जेवण अडत नाही. आपल्या मंडळात आजवर भगिनींनी जे नाट्यप्रयोग केले, ते जवळजवळ सगळे एकांकिकांचेच आहेत. तरी कार्यक्रमपत्रिकेत त्यांची नोंद 'करमणुकीचा कार्यक्रम' एवढीच सापडते. लेखकाचे नावही पुष्कळदा नसते. म्हणून या स्मरणिकेसाठी लिहायला सांगितले, तेव्हा या धाकट्या नाटकाची वंशावळ आपणांपुढे मांडावी असे मी ठरवले. आपल्या रंगभूमीवर नवे म्हणून जे आले, त्यातले बरेचसे या धाकटीचे बोट धरून आले आहे. आणि त्यात बायकांच्या जिव्हाळ्याचेही पुष्कळ आहे.

विष्णुदास भावे यांनी सांगलीस १८४३ साली 'सीतास्वयंवर' केले, तेथून आपण मराठी नाटकाचे वय मोजतो. पुढे पौराणिक आख्यान संपल्यावर प्रेक्षकांना हसवून घरी धाडावे म्हणून फार्स करण्याची प्रथा पडली. फार्स म्हणजे लहानसे गद्य प्रहसन. त्यात देव-दैत्य नसत, रोजच्या व्यवहारातली माणसे असत आणि ती रोजच्याच भाषेत बोलत. एकांकिकेची आजी शोधायला निघालो तर ती येथे भेटते. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' आले आणि संगीत नाटकाचा थाट सुरू झाला. पदांना 'वन्समोअर' मिळत, रात्र सरत जाई. त्या वैभवाच्या काळात लहान नाटकाकडे कोण पाहणार?

तरी एका गृहस्थांनी पाहिले. दिवाकर या नावाने लिहिणारे शंकर काशीनाथ गर्गे यांनी १९११ पासून नाट्यछटा लिहिल्या. पात्र एकच, ते कोणाशी तरी बोलते आहे, समोरच्याचे बोलणे आपण त्याच्या उत्तरांवरून ओळखायचे. दोन पानांत एक माणूस आपल्या तोंडाने आपलाच दांभिकपणा उघडा करतो. आपल्यापैकी कितीतरी जणींनी शाळेच्या संमेलनात नाट्यछटा पाठ म्हणून दाखवली असेल. थोडक्यात किती सांगता येते, याचा तो पहिला धडा होता.

आता बायकांकडे वळू. रंगभूमीवरच्या शकुंतला, भामिनी, सिंधू या सर्व बराच काळ पुरुषच होते. बालगंधर्वांचे शालू नेसणे पाहून घरंदाज स्त्रिया आपली राहणी ठरवीत. स्वतः मात्र त्यांनी रंगमंचावर पाऊल ठेवायचे नव्हते. पण लेखणीला कोण अडवणार? खाडिलकरांनी १९०७ मध्ये 'बायकांचे बंड' लिहिले. त्याला गिरिजाबाई केळकरांनी १९१३ मध्ये 'पुरुषांचे बंड' लिहून नाटकानेच उत्तर दिले. पुढे १९२८ साली नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपदही त्यांना मिळाले. १ जुलै १९३३ रोजी मुंबईत नाट्यमन्वंतर संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणले. त्यात ज्योत्स्नाबाई भोळे आणि पद्मावतीबाई वर्तक यांनी स्त्रीभूमिका केल्या. तेव्हापासून वाट मोकळी होत गेली.

वाट मोकळी झाली तरी घरोघरचे उंबरठे एका दिवसात खाली येत नाहीत. महिला मंडळातील सुनेने परक्या पुरुषाबरोबर काम करावे, हे पुष्कळ ठिकाणी चालत नसे. मग 'पुरुषपात्रविरहित' एकांकिका आल्या. मुलांच्या शाळा-कॉलेजांतून 'स्त्रीपात्रविरहित' नाटके होत, त्यांचीच ही बहीण. तिची गंमत काय सांगावी! पती नेहमीच फिरतीवर गेलेला, सासरे पलीकडच्या खोलीत आजारी, पोस्टमन दाराबाहेरूनच ओरडणारा. बोलणारे पात्र तेवढे बायकांचे. फारच अडले तर एखाद्या उंच भगिनीने फेटा बांधून मिशी चिकटवायची आणि ऐन वेळी ती मिशी सुटायची. आपण यावर हसतो, पण याच एकांकिकांनी हजारो गृहिणींना चार लोकांसमोर मोठ्याने बोलायला शिकवले, हे विसरून चालणार नाही.

स्वातंत्र्यानंतर एकांकिकेचे दिवस पालटले. आकाशवाणीवरून श्रुतिका होऊ लागल्या आणि नाटक थेट स्वयंपाकघरात आले. रत्नाकर मतकरी यांची पहिली एकांकिका 'वेडी माणसं' १९५५ मध्ये आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरूनच लोकांनी ऐकली. लेखक तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा होता. पु. ल. देशपांडे यांनी 'मोठे मासे आणि छोटे मासे'सारख्या एकांकिका लिहिल्या. विजय तेंडुलकरांनी 'रात्र', 'अजगर आणि गंधर्व' या संग्रहांतून मध्यमवर्गीय घरांतील न बोललेले बोलून दाखवले. १९६३ पासून पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेने पुरुषोत्तम करंडक स्पर्धा सुरू केली आणि महाविद्यालयीन मुलामुलींना हक्काचा रंगमंच मिळाला.

नवा लेखक एकांकिकेपासूनच का आरंभ करतो, याचे कारण अगदी घरगुती आहे. नवी सून पहिल्याच दिवशी पन्नास पानांचा स्वयंपाक करीत नाही. एकांकिकेला एक खोली पुरते, तीन-चार नट पुरतात, घरच्याच खुर्च्या-टेबलांवर नेपथ्य भागते. प्रयोग फसला तरी कोणी कर्जबाजारी होत नाही. म्हणून मोठ्या नाटकाला जे धाडस परवडत नाही, ते धाकटीला परवडते. महेश एलकुंचवार यांची 'सुलतान' ही एकांकिका १९६७ मध्ये 'सत्यकथा' मासिकात आली. ती वाचून विजयाबाई मेहता यांनी या विदर्भातल्या अनोळखी तरुणाच्या एकांकिका 'रंगायन'तर्फे रंगमंचावर आणल्या. 'वाडा चिरेबंदी' यायला त्यानंतर अठरा वर्षे लागली. सतीश आळेकरांनीही 'महानिर्वाण'च्या (१९७४) आधी 'झुलता पूल', 'मेमरी' या एकांकिकांवर हात बसवला होता. धाकटीचे प्रयोग कोणी पाहिलेच नसते, तर ही मोठी नाटके आपल्याला मिळाली असती का?

एकांकिकेने दुसरेही एक काम केले. ज्यांना मोठ्या नाट्यगृहाचे दार बंद होते, त्यांना तिने वाचा दिली. प्रेमानंद गज्वी यांची 'घोटभर पाणी' दोनच पात्रांवर उभी आहे. जातीमुळे पाण्यासाठी तहानलेल्या माणसाची ती गोष्ट सत्तरीच्या दशकात आली आणि गावोगाव झाली. १९८३ साली स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकर यांचे 'मुलगी झाली हो' हे छोटे नाटक केले. संघटनेच्या कार्यकर्त्याच त्यात कामे करीत. ना पडदा, ना दिवे. चाळीच्या चौकात, वस्तीत, जेथे बायका जमतील तेथे प्रयोग. मुलीच्या जन्माबद्दल घरातले तोंड का उतरते, हा प्रश्न त्यांनी गाणी म्हणत विचारला.

आणि अलीकडचे उदाहरण तर आपल्यासाठी फारच बोलके आहे. नाशिकचे तरुण नाटककार प्राजक्त देशमुख यांनी 'देवबाभळी' ही एकांकिका लिहिली. तिच्यातूनच २०१७ मध्ये 'संगीत देवबाभळी' हे पूर्ण नाटक उभे राहिले. पात्रे दोनच आणि दोघीही बायका. तुकोबांची आवली आणि पांडुरंगाची रखुमाई. आवलीच्या पायात काटा मोडतो, तो विठ्ठल काढतो. रखुमाई रुसते आणि नाव पालटून तिच्याच सेवेला येते. एकीचा नवरा देवापायी संसार विसरलेला, दुसरीचा नवरा भक्तांपायी. तुकोबा नाहीत, विठोबाही बोलत नाही. तरी दोघे तेथे आहेतच. पुरुषपात्र वगळणे ही एके काळची आपली अडचण होती. येथे त्या न दिसण्यातूनच नाटकाचा सगळा अर्थ निघतो. हे पाहताना मला आपल्या मंडळातल्या त्या 'फिरतीवर गेलेल्या' नवऱ्यांची आठवण झाली, आणि हसू न येता डोळे भरून आले.

अशा नव्या एकांकिकेचा आस्वाद घ्यायचा कसा? मोठे नाटक हे कुळाच्या इतिहासासारखे, तर एकांकिका ही घरातल्या एका संध्याकाळसारखी. तिच्यात लग्नापासून मरणापर्यंत सगळे शोधू नये. एकच प्रसंग, एकच ताण. तो कोठे गाठ घेतो आणि कोठे सुटतो, की सुटतच नाही, हे पाहावे. पात्र काय बोलले यापेक्षा काय बोलायचे टाळले, याकडे कान द्यावा. गेल्या वर्षी आपल्या वाचनवर्गात एका नव्या लेखिकेची एकांकिका वाचली. सासू आणि सून बँकेच्या कागदावर सही करायची की नाही यावर बोलत असतात, आणि सही होण्यापूर्वीच पडदा पडतो. एक ज्येष्ठ भगिनी रागावून म्हणाल्या, "अहो, हिने सही केली की नाही?" त्यावर दुसरीने विचारले, "मावशी, तुम्ही केली असती का?" नंतर रात्री दहापर्यंत कोणी उठले नाही. एरवी गप्प बसणाऱ्या दोघी-तिघींनी त्या दिवशी घर कोणाच्या नावावर आहे, हे प्रथमच सांगितले.

नवे लिखाण कधी ओबडधोबड असते, कधी भाषा कानाला टोचते, हे मला मान्य आहे. ते तसे वाटल्यास लेखकाला स्पष्ट सांगावे. पण न पाहताच 'आपल्याला नाही बाई कळत' म्हणून जुन्या विनोदी एकांकिकेचीच झेरॉक्स पुन्हा काढणे मला पटत नाही. जुन्या लेखकांना त्यांच्या काळातील प्रेक्षकांनी जपले, म्हणून ते आपल्यापर्यंत पोचले. आज लिहिणाऱ्या मुलामुलींना जपणारे प्रेक्षक आपण नाही तर कोण?

म्हणून मंडळापुढे माझी सूचना आहे. दरवर्षी निदान एक एकांकिका हयात, नव्या लेखकाची घ्यावी. तिची लेखी परवानगी मागावी, मंडळाला झेपेल तेवढे का होईना, मानधन द्यावे आणि पत्रिकेत लेखकाचे नाव ठळक छापावे. प्रयोगानंतर अर्धा तास चर्चेसाठी राखून ठेवावा, अल्पोपाहार त्यानंतर. आपल्या भगिनींपैकी कोणाच्या वहीत एखादा संवाद लिहून पडला असेल, तर तोही वाचनवर्गात आणावा. हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिलेला असला तरी हरकत नाही.