राळा घ्यायला गेलो आणि निघाला फिंचच्या रंगांचा इतिहास



परवा पहाटे कोथिंबीर घेऊन मार्केट यार्डात गेलो होतो. माल उतरवला, पट्टी घेतली आणि भुसार बाजाराकडे राळा घ्यायला वळलो. दुकानदाराने विचारलं, "खायला का पाखरांना?" आमच्या आजीच्या काळात हा प्रश्नच नव्हता, घरात राळ्याचा भात व्हायचा. म्हणालो, "पाखरांना."

ते ऐकून शेजारी उभा असलेला एक पोरगा बोलायला लागला. "काका, तुमच्याकडे फिंच आहेत का?" त्याने झेब्रा फिंचची महागाची जोडी आणलेली. नर-मादी दोघांच्या डोक्यावर तुरा. चार वेळा अंडी घातली, पण दर खेपेला एक-दोन अंड्यांत पिल्लू आतच मरतं. खाद्य बदललं, औषध दिलं, पिंजरा हलवला. विकणारा म्हणे, तुमच्या घराला पाखरू मानवत नाही.

मी म्हणालो, "बाळा, दोष घराचा नाही, जोडीचा आहे." पोत्यांच्या थप्पीजवळ उभ्या उभ्या जेवढं जमलं तेवढं सांगितलं. बाकीचं इथे लिहितो, कारण शेळी, कोंबडी आणि बियाणं सांभाळणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

आपल्याकडे पिंजऱ्यातलं बारकं पाखरू नवीन नाही. फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर 1670 च्या दशकात सुरतेकडे आणि आपल्या जुन्नरपर्यंत फिरून गेला. त्याने अहमदाबादहून येणाऱ्या, अंगावर ठिपके असलेल्या बारक्या पाखरांबद्दल लिहून ठेवलंय. एका पिंजऱ्यात पन्नास-पन्नास भरलेली असत. ती म्हणजे आपली लाल मुनिया. तिच्या शास्त्रीय नावात, अमांडावामध्ये, अहमदाबादच आहे. पण ती सगळी जाळ्यात धरलेली पाखरं. मेली की पुन्हा धरायची. जोडी लावून वंश वाढवायचा विचार त्या धंद्यात नव्हता. 1972 चा वन्यजीव कायदा आला आणि 1990-91 च्या सुमारास देशी जंगली पक्ष्यांचा व्यापार पुरता बंद झाला. म्हणून मुनिया, पोपट पिंजऱ्यात ठेवू नका, तो गुन्हा आहे. आज दुकानात दिसणारे झेब्रा, गोल्डियन, बंगाली फिंच हे पिंजऱ्यातच वाढलेल्या परदेशी वंशाचे.

त्यातल्या बंगाली फिंचची गोष्ट मोठी गमतीची. तिचा बंगालशी काही संबंध नाही. आपल्या पश्चिम घाटातही दिसते ती पांढऱ्या पाठीची मुनिया चीनमार्गे अठराव्या शतकात जपानात गेली. तिथल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या ती पिंजऱ्यात वाढवली. पिल्लं नीट सांभाळणाऱ्या जोड्या ते ठेवत गेले. शंभरेक वर्षांनी, एकोणिसाव्या शतकात, तिच्यात पांढरा रंग निघाला. हा क्रम ध्यानात ठेवा. आधी चांगले आईबाप झाले, रंग मागून आला. म्हणून आजही गोल्डियनने टाकलेली अंडी लोक बंगालीच्या घरट्यात ठेवतात आणि ती परकी पिल्लंसुद्धा वाढवते.

आता रंगाचं गणित. मेंडेलचे वाटाण्याचे नियम 1866 साली छापले गेले, पण जगाला कळले 1900 साली. त्यानंतर इंग्लंडमध्ये फ्लोरेन्स डरहॅम आणि डोरोथिया मॅरियट या दोन बायकांनी कॅनरी पक्ष्यांच्या जोड्या लावून पाहिल्या. दालचिनी रंगाचा नर आणि हिरवी मादी लावली तर एक हिशोब, उलट लावली तर दुसराच. 1908 साली त्यांनी ते छापलं. कारण असं, की पक्ष्यांत लिंग मादीवरून ठरतं आणि काही रंग लिंगाच्याच धाग्याला बांधलेले असतात.

झेब्रा फिंचमध्ये बदामी रंग, ज्याला फॉन म्हणतात, तो तसाच आहे. बदामी नर आणि राखाडी मादी लावली तर सगळ्या लेकी बदामी आणि सगळे लेक दिसायला राखाडी, पण पोटात बदामी रंग लपलेला. उलट राखाडी नर आणि बदामी मादी लावली तर एकही पिल्लू बदामी दिसत नाही. फक्त लेकांच्या पोटात तो रंग जातो. मादीत हा रंग कधी लपून राहत नाही, असेल तर दिसतोच. म्हणजे विकणारा सांगायला लागला, "ही राखाडी मादी बदामीची स्प्लिट आहे," तर तो तुम्हाला फसवतोय किंवा त्यालाच माहीत नाही.

पांढऱ्या रंगाचं वेगळं. पांढरे झेब्रा फिंच 1921 साली सिडनीत एका पाळणाऱ्याकडे निघाले. हा रंग दोन्हीकडून आला तरच दिसतो. पांढरं आणि राखाडी लावलं तर सगळी पिल्लं राखाडी निघतात, पण पांढरा सगळ्यांच्या पोटात असतो. त्यातलं एक परत पांढऱ्याला लावलं की सरासरी निम्मी पांढरी.

आणि तुरा? तो एकाच बाजूने आला तरी दिसतो, पण दोन्ही बाजूंनी आला तर पिल्लू जगत नाही. तुरा-तुरा जोडी लावली की सरासरी चारातलं एक जातं. त्या पोराची अंडी तिथेच जात होती. तुरेवाला आणि साधी अशी जोडी लावली तर निम्मी पिल्लं तुरेवाली आणि या कारणाने एकही मरत नाही. एवढं सोपं आहे, पण दोन देखण्यांची जोडी लावायचा मोह सुटत नाही.

मलाही सुटला नव्हता. आठेक वर्षांमागे माझ्या राखाडी जोडीत एक पांढरं नर पिल्लू निघालं. घरभर आनंद. पांढरी लवकर वाढावीत म्हणून मी त्याला त्याचीच बहीण लावली, पुढे त्यांच्या पिल्लांतही तेच केलं. पहिल्या पिढीला काही वाटलं नाही. दुसरीला अंडी पोकळ निघायला लागली. तिसरीत पिल्लं बारकी, पंख अर्धवट, एका मादीचं अंडं अडकलं आणि ती गेली. तीन वर्षांत पांढरी ओळच संपली. दोष कोणाला देणार? घाई माझी होती.

हे आपल्या शिवारात आधी घडून गेलंय. 1965 साली लुधियानाहून एचबी-1 हे बाजरीचं पहिलं संकरित वाण आलं. उत्पन्न बघून लोकांचे डोळे फिरले. मागोमाग आलेल्या संकरित वाणांचा बाप बदलला, पण मादी वाण एकच, अमेरिकेतून आणलेलं टिफ्ट 23ए. सत्तरच्या दशकात गोसावी रोग आला आणि कणसाच्या जागी नुसत्या पानांचे झुपके उभे राहिले. वडील सांगायचे, हिरवं रान दिसायचं आणि खळ्यावर काही यायचं नाही. सगळ्यांची आई एक, म्हणून सगळ्यांचं दुखणं एक. पुढे 1982 साली डब्ल्यूसी-सी 75 हे संमिश्र वाण आलं. त्याच्यात अनेक वाणांचं रक्त होतं, म्हणून ते रोगाला टिकलं. आज मी पाखरांसाठी जी बारीक बाजरी पाखडतो, तिच्यामागे हा धडा आहे.

फिंचच्या बाबतीत हा धोका जास्त आहे. ऑस्ट्रेलियाने 1960 साली आपल्या फिंचची निर्यात बंद केली. म्हणजे जंगलातलं नवं रक्त आपल्यापर्यंत कायद्याने येत नाही. जे आहे ते पिंजऱ्यातलंच, एकमेकांकडून फिरणारं. म्हणून साधी राखाडी पाखरं ही आपली बियाणे बँक समजा. बाजारात त्यांना किंमत नाही, पण वंश त्यांच्यावर उभा असतो.

मी आता पाळतो ते नियम असे:

1. रंगीत पाखराला दुसऱ्या घरची, थोराड बांध्याची साधी राखाडी जोडीदार लावायची. निघालेली पिल्लं दिसायला साधी असली तरी विकायची नाहीत, पुढचा रंग त्यांच्यातून येतो.

2. सख्खी भावंडं लावायची नाहीत. एकाच नरावर सगळ्या माद्या नाहीत. बोकड बदलतो तसा नर बदलायचा.

3. तुरा-तुरा जोडी कधीच नाही.

4. मादी नऊ महिन्यांची झाल्याशिवाय घरटं द्यायचं नाही. वर्षात दोन-तीनच विणी, मग घरटं काढून विश्रांती. समुद्रफेस किंवा उकळून वाळवलेल्या अंड्याच्या टरफलाची पूड कायम पिंजऱ्यात ठेवायची.

5. पायात कडी आणि वहीत नोंद. आईबाप कोण, किती अंडी, किती उबली, किती उडाली. रंगाचा रकाना शेवटी.

6. पिल्लं टाकणारी जोडी कितीही सुंदर असली तरी तिची ओळ पुढे न्यायची नाही. जपान्यांनी हेच केलं.

कायद्याचं एक. झेब्रा आणि बंगाली फिंचला नोंदणीची अडचण नाही, पण जावा चिमणी आंतरराष्ट्रीय यादीत असल्याने तिची नोंद वनखात्याच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. पाळत असाल तर करून घ्या.

त्या पोराने यार्डातच विचारलं, "मग काका, हा नर विकून टाकू का?" म्हटलं, विकू नको. नर चांगला आहे, मादीही चांगली आहे, फक्त दोघांची गाठ सोड. दोघांना साधे जोडीदार लाव. माझ्याकडे दोन राखाडी आहेत, एक नर, एक मादी, वेगवेगळ्या घरच्या. पुढच्या खेपेला कोथिंबिरीबरोबर घेऊन येतो. पैसे नकोत. पहिल्या विणीची नोंद तेवढी मला दाखवायला आण.

तुमच्याकडे शेळ्यांत, कोंबड्यांत नर किती वर्षांनी बदलता, आणि न बदलल्याचा फटका कोणाला बसलाय का? खाली लिहा, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल.