परळची रक्तपरीक्षा: सक्तीपासून आगाऊ वेळेपर्यंत

ठरलेल्या वेळी, स्वतःच्या खर्चाने आणि पुष्कळदा स्वतःच्याच इच्छेने रक्त तपासायला देण्याची सवय मध्य मुंबईत आज घरोघरी दिसते. पण सव्वाशे वर्षांपूर्वी याच भागात वैद्यकीय तपासणी म्हणजे सरकारी सक्ती होती. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला, पाठोपाठ घरझडत्या आणि संशयितांना उचलून नेणे सुरू झाले, आणि दवाखान्यात गेलेला माणूस परत येत नाही या धास्तीने २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले. त्याच सुमारास शहरात आलेल्या वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात हलली. १९२५ पासून तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव आहे.

सक्तीची भीती ओसरली ती बव्हंशी १९२६ मध्ये परळलाच उभ्या राहिलेल्या केईएम रुग्णालयामुळे आणि त्याला जोडलेल्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयामुळे, असे मानायला जागा आहे. कारण तेथील अध्यापक भारतीयच असावेत ही देणगीदारांची अट होती आणि नमुना घेणारा हात परका राहिला नाही. येथेच १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे रक्तगट’ शोधला. नेहमीच्या ‘ओ’ गटाच्या रक्तपेशींवर ‘एच’ नावाचे द्रव्य असते. या गटात तेही नसते, म्हणून साध्या चाचणीत असे रक्त ‘ओ’ दिसते, पण प्रत्यक्षात ‘ओ’ दात्याचे रक्तही त्या माणसाला चालत नाही. या शोधानंतर १९५७ मध्ये रक्तगटांचे संदर्भ केंद्र परळला सुरू झाले.

गिरणगावातील कामगाराला मात्र तपासणीसाठी वेळ ‘घ्यावी’ लागत नव्हती. १९५४ पासून मुंबईत लागू झालेल्या राज्य कामगार विमा योजनेत तपासणी नोकरीबरोबर मिळत असे. १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, आणि नोकरीबरोबर हे छत्रही गेले. खासगी प्रयोगशाळांच्या विस्ताराचा काळ नेमका हाच असावा, हा केवळ योगायोग म्हणता येत नाही. या विस्ताराचे एक मूळही सरकारी संस्थांतच आहे: भाभा अणुसंशोधन केंद्रात थायरॉइडवर काम केलेल्या ए. वेलुमणी यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यास भायखळ्यात थायरोकेअर सुरू केली. गावोगावचे नमुने विमानाने एकाच मध्यवर्ती प्रयोगशाळेत आणायचे आणि संख्या वाढवून दर उतरवायचे, ही तिची रीत होती. २०२१ मध्ये ऑनलाइन औषधविक्री करणाऱ्या फार्मइझीच्या मालक कंपनीने ती विकत घेतली. औषध आणि तपासणी एकाच मोबाइलवरून मागवण्याची सोय अशी पूर्ण झाली.

‘उपाशीपोटी या’ ही सूचना मात्र या साऱ्या बदलांत टिकून राहिली. जेवणानंतर रक्तातील साखर आणि ट्रायग्लिसराइड ही चरबी वाढते, म्हणून आठ ते बारा तास काही न खाता सकाळी नमुना द्यायचा, साधे पाणी चालते, चहा चालत नाही. आणि ‘पीपी’ म्हणजे जेवणानंतर दोन तासांनी दिलेला दुसरा नमुना. मराठी घरांत येथे हमखास एक घोटाळा होतो. एकादशीच्या उपवासाला साबुदाण्याची खिचडी चालते, पण पिष्टमय साबुदाण्याची साखर व्हायला वेळ लागत नाही. तेव्हा प्रयोगशाळेच्या लेखी असा उपवास उपवासच नव्हे. उलट मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या एचबीए१सी चाचणीला उपाशी राहण्याची गरज नसते, आणि कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या तपासणीलाही ती नाही असे युरोपीय तज्ज्ञांनी २०१६ मध्ये एकमताने सुचवले. तरीही सकाळची गर्दी हटलेली नाही, कारण एकाच सुईत सगळ्या चाचण्या उरकणारी ‘पॅकेजे’ त्यांतल्या सर्वांत कडक नियमाने चालतात. बायोटिन हे जीवनसत्त्व घेणाऱ्याने ते आधी सांगणे याहून महत्त्वाचे, कारण त्यामुळे थायरॉइडचे आकडे चुकू शकतात. याविषयी विचारणा मात्र क्वचितच होते.

तपासणी मागणारे आधी सरकार होते, नंतर डॉक्टर झाला, आता पुष्कळदा ज्याचे रक्त तोच असतो. अहवालाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्यामुळे अधिक गंभीर झाला. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ रोजी दिलेल्या निर्णयानुसार प्रयोगशाळेच्या अहवालावर विकृतिशास्त्रातील, म्हणजे पॅथॉलॉजीतील, पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. वेळ घरबसल्या ठरवणाऱ्याने दर पाहण्याआधी अहवालाच्या तळाशी ती सही कोणाची असते, हे विचारून घ्यावे.