हँडल, सेल्फ आणि कबाबची काडी



२०२४ च्या जूनमधली गोष्ट. आमच्या ऑफिसातल्या सांगलीच्या एका मुलाला नुकतंच इथलं लायसन्स मिळालं होतं आणि दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात, म्हणजे आपल्या डीआयपीत, एक गाडी फारच स्वस्तात मिळत होती. विकणारा म्हणे, "नुसती बॅटरी बसलीय, दोन महिने उभी आहे." मुलगा मला म्हणाला, "काका, जरा बघायला येता का?"

जूनमधून दोन महिने वजा केले की एप्रिल येतो. १६ एप्रिलचा पाऊस इथे कोण विसरेल? अल ऐनजवळ खत्म अल शकलाला २४ तासांच्या आत २५४.८ मिमी, १९४९ पासून नोंदी ठेवतात त्यातला सगळ्यात जास्त. म्हटलं, चल, पण मी सांगेपर्यंत चावी लावायची नाही.

हे वाक्य माझं नाही, माझ्या मामाचं. मामाचं कुर्ल्याला गॅरेज होतं. कुर्ला म्हणजे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचं गाव (कंपनी १९४४ ची), त्यामुळे गल्लीबोळात फियाटचे डॉक्टर. मामाकडे मात्र अँबॅसिडर आणि जीपही यायच्या, आणि बंद गाडी आली की तो आधी हँडल मागायचा. चालू करायला नव्हे, तपासायला! प्लग जागेवर ठेवून हळूहळू फिरवायचा. चार सिलिंडरच्या इंजिनात दर अर्ध्या फेऱ्याला एक पिस्टन हवा दाबतो, म्हणजे हाताला अडकल्यासारखं व्हायला हवं. चारपैकी एखादा अर्धा फेरा पोकळ गेला की मामा म्हणायचा, "हा गेला." मग त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून परत फिरवायचा. जोर आला तर रिंगा झिजल्या, नाही आला तर बहुधा व्हॉल्व्ह. ना बॅटरी, ना मीटर. मला शिकवताना पहिला धडा अंगठ्याचा: अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हँडलला विळखा घालायचा नाही. उलटा झटका आला तर मनगट जातं.

या मनगटांपायीच इलेक्ट्रिक सेल्फ-स्टार्टर आला. चार्ल्स केटरिंगने तो केला आणि १९१२ च्या कॅडिलॅकवर बसला. फोर्डच्या मॉडेल टीला मिळायला १९१९ उजाडलं. आपल्याकडे त्याचा 'सेल्फ' झाला आणि 'सेल्फ मारणे' हे क्रियापद मराठीत कायमचं रुळलं. सोय झाली यात वादच नाही. पण इंजिन आतून कसं आहे हे हाताला कळायचं, ते बंद झालं.

त्याची किंमत मी २६ जुलै २००५ नंतर पाहिली. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी, मिठी नदी कुर्ल्यात शिरलेली. पाणी ओसरल्यावर लोकांनी पहिलं काम काय केलं? सेल्फ मारला. हवा आठ-दहापट दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन अडतो, आणि मागचा जोर हटला नाही तर कनेक्टिंग रॉड वाकतो. हातात हँडल असतं तर माणूस तिथेच थांबला असता. मामाने त्या आठवड्यात गल्लीत फिरून लोकांना ओरडून सांगितलं, "प्लग काढल्याशिवाय हात लावू नका!" ज्यांनी ऐकलं त्यांची इंजिनं तरी वाचली. (वायरिंगचं रडगाणं वेगळं.)

आता डीआयपी. गोदामामागे उन्हात गाडी उभी, बाहेरून चकाचक. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला तर आतल्या टोकाला मातीची रेघ. डिपस्टिकवर ऑइल मात्र स्वच्छ, अगदी नवं. तेच मला जास्त खटकलं. दोन महिने उभ्या गाडीचं ऑइल कोण बदलतं?

हल्लीच्या गाड्यांना हँडल नसतं, पण पुढचं चाक काढलं की क्रँकच्या पुलीचा बोल्ट सापडतो. चारी प्लग काढले, बोल्टला पाना लावला आणि इंजिन हाताने फिरवलं. फिरलं! मुलगा खूश. मग खिशातून कबाबची लांब लाकडी काडी काढली, एकेका प्लगच्या भोकातून पिस्टनवर टेकवली, पिस्टन सगळ्यात वर आला की काडीवर पेनाने रेघ. पहिला, दुसरा, चौथा, तिघांची रेघ एकच. तिसऱ्याची तीन-चार मिलिमीटरने वेगळी. म्हणजे तो पिस्टन पूर्ण वर येतच नव्हता, रॉड वाकलेला. नवी बॅटरी टाकली असती तर गाडी कदाचित खडखडत चालूही झाली असती, आणि मग एखाद्या दिवशी शेख झायेद रोडवर रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला असता.

मुलाचा चेहरा पडला. पैसे त्याने घरी पाठवायचे थांबवून जमवले होते, हे मला तिथेच कळलं. विकणाऱ्याने काडी माझ्या हातातून घेतली, उन्हात धरून रेघा नीट पाहिल्या आणि खाली बसला. त्यालाही ती मे महिन्यात कोणीतरी 'नुसती बॅटरी' म्हणूनच विकली होती.